अपराध्यांचे जामीनदार : जॉन ऑगस्टस

न्यायालयाने दोषी ठरविलेल्या व्यक्तीला तुरुंगात न पाठविता ठरावीक काळ देखरेखीखाली समाजातच राहू द्यावे आणि त्या काळात तिला निवारा, काम व व्यसनातून बाहेर पडण्यासाठी आधार मिळवून द्यावा, या पद्धतीला कायद्याच्या भाषेत परिवीक्षा असे म्हणतात. भारतासह अनेक देशांच्या कायद्यांत आज या पद्धतीला स्थान आहे. तिचा उगम मात्र कोणत्याही विधिमंडळात झालेला नाही. अमेरिकेतील बोस्टन शहरात बूट बनविण्याचा व्यवसाय करणारे जॉन ऑगस्टस यांनी वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यानंतर हे काम हाती घेतले आणि पुढील सुमारे अठरा वर्षे, अखेरच्या काळापर्यंत, ते चालविले. त्यांना न्यायालयाने नेमलेले नव्हते आणि कोणत्याही संस्थेने त्यांना पाठविलेले नव्हते. न्यायाधीशांसमोर उभे राहून ते केवळ एवढेच सांगत असत, की या माणसाला आपण ओळखतो आणि त्याच्यासाठी आपण जामीन राहतो.

जॉन ऑगस्टस यांचा जन्म सन १७८५ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स राज्यातील वोबर्न येथे झाला. तरुणपणी ते जवळच्याच लेक्सिंग्टन या गावी आले आणि तेथे बूट बनविण्याच्या व्यवसायात त्यांनी चांगला जम बसविला. लेक्सिंग्टनच्या मैदानाकाठचे जे घर जोनाथन हॅरिंग्टन यांचे घर म्हणून ओळखले जाते, त्याचा काही भाग ऑगस्टस यांच्या कारखान्यासाठी वापरात होता. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्याच चकमकीत, १९ एप्रिल १७७५ रोजी, गोळी लागलेले हॅरिंग्टन याच घराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन गतप्राण झाले, अशी आख्यायिका आहे. त्यामुळे या घराला भेट देणारे बहुतेक प्रवासी युद्धाची कथा ऐकून परततात. याच छताखाली पुढे बूट शिवणाऱ्या गृहस्थांचे नाव त्यांच्या कानी क्वचितच पडत असावे.

पुढे ऑगस्टस बोस्टनला स्थायिक झाले. फ्रँकलिन अॅव्हेन्यूवरील त्यांचे दुकान पोलीस न्यायालयापासून अगदी जवळ होते. ही बाब किरकोळ वाटली तरी त्यांच्या चरित्रात तिला महत्त्व आहे. दुकानातून उठून न्यायालयात जावे, एखादे प्रकरण ऐकावे आणि परत येऊन कामाला बसावे, एवढे ते अंतर होते. शहर दूर असते किंवा दुकान दुसऱ्या पेठेत असते, तर कदाचित हा इतिहास वेगळ्या प्रकारे लिहिला गेला असता.

सन १८४० मध्ये बोस्टनची लोकसंख्या ९३ हजारांच्या घरात होती. बंदराचे शहर असल्याने खलाशी, हमाल, नव्याने आलेले कामगार आणि कामाच्या शोधात फिरणारे बेकार यांची तेथे मोठी वर्दळ असे. दारू स्वस्त होती आणि सर्वत्र मिळत होती. कायद्याने सराईत मद्यपी असणे हाच गुन्हा मानला जाई. रस्त्यावर झिंगून पडलेल्या माणसाला पकडून सकाळी पोलीस न्यायालयात उभे केले जाई आणि थोडक्या वेळात निकाल होऊन त्याची रवानगी हाउस ऑफ करेक्शनमध्ये होत असे. या नावाचा शब्दशः अर्थ सुधारगृह असा असला, तरी प्रत्यक्षात तो तुरुंगच होता. काही महिन्यांनी सुटलेला माणूस बाहेर येई तेव्हा काम गेलेले असे आणि भाड्याची खोली दुसऱ्याला दिली गेलेली असे. जुने सोबती आणि जुना गुत्ता मात्र जागच्या जागी असत. थोड्याच दिवसांत तोच माणूस पुन्हा त्याच पिंजऱ्यात उभा राही.

याच सुमारास मद्यपानाविषयीच्या विचारात एक मोठा बदल घडून येत होता. दारूबंदीच्या चळवळी अमेरिकेत त्याआधीही होत्या. मात्र त्यांचा रोख प्रामुख्याने न पिणाऱ्यांना पिण्यापासून दूर ठेवण्यावर असे आणि जो दारूच्या आहारी गेला, तो हातचा गेला असे समजले जाई. सन १८४० च्या एप्रिलमध्ये बाल्टिमोर येथील सहा मद्यपी मित्रांनी एकत्र येऊन दारू सोडण्याची शपथ घेतली आणि पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या नावावरून आपल्या संघटनेला वॉशिंग्टन हे नाव दिले. स्वतः दारू सोडलेल्या माणसाने सभेत उभे राहून आपली हकिकत सांगायची आणि दुसऱ्या पिणाऱ्याला हात द्यायचा, ही त्यांची रीत होती. चळवळ वणव्यासारखी पसरली. सन १८४१ मध्ये बोस्टनमध्येही तिची शाखा स्थापन झाली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले अब्राहम लिंकन यांनीदेखील २२ फेब्रुवारी १८४२ रोजी स्प्रिंगफील्ड येथे या चळवळीच्या सभेत भाषण केले होते. काही वर्षांतच ही चळवळ ओसरली. परंतु मद्यपी माणूस सुधारू शकतो आणि त्यासाठी त्याच्या सोबत कोणीतरी असावे लागते, हा तिचा विश्वास मागे उरला. ऑगस्टस हे बोस्टनच्या या संस्थेचे सदस्य होते.

सन १८४१ च्या ऑगस्ट महिन्यातील एका सकाळी ऑगस्टस पोलीस न्यायालयात बसले होते. फाटक्या, मळक्या कपड्यांतील एका माणसाला आत आणण्यात आले. त्याच्यावर सराईत मद्यपी असल्याचा आरोप होता. प्रकरण स्पष्ट होते आणि शिक्षा सुनावणे तेवढे बाकी होते. त्याआधीच्या काही क्षणांत ऑगस्टस यांनी त्याच्याशी बोलणे केले. तुरुंगातून वाचविल्यास आपण पुन्हा कधीही दारूला स्पर्श करणार नाही, असे तो कळवळून सांगत होता. न्यायालयाच्या आवारात असली वचने रोजच दिली जात. तरीही या माणसाच्या बोलण्यात ऑगस्टस यांना निश्चय दिसला. न्यायाधीशांच्या अनुमतीने त्यांनी त्याचा जामीन भरला. तीन आठवड्यांनी हजर राहण्याचा आदेश झाला. त्या माणसाने दारू सोडण्याच्या प्रतिज्ञापत्रावर स्वाक्षरी केली.

तीन आठवड्यांनी ऑगस्टस त्याला घेऊन न्यायालयात आले तेव्हा त्याला ओळखणे कठीण झाले होते. स्वच्छ, शांत आणि पूर्णपणे शुद्धीवर असलेला तो माणूस पाहून न्यायाधीशांनाही आश्चर्य वाटले. नेहमीच्या तुरुंगवासाऐवजी त्यांनी १ सेंट एवढाच नाममात्र दंड ठोठावला. खर्चासह एकूण रक्कम ३ डॉलर ७६ सेंट झाली आणि ती भरण्यात आली. तो माणूस पुढेही दारूपासून दूर आणि कामात मग्न राहिला, असे ऑगस्टस यांनी नंतर नोंदवून ठेवले आहे. या हिशेबातील विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. दंड एक सेंटचा आणि न्यायालयाचा खर्च त्याच्या कित्येक पट. हा खर्च अनेक लहानमोठ्या अधिकाऱ्यांच्या मिळकतीचा भाग होता आणि ऑगस्टस यांना पुढे जो विरोध झाला त्याचे एक मूळ येथेच होते.

सन १८४२ चा जानेवारी उजाडेपर्यंत त्यांनी अशाच आरोपाखालील १७ जणांना जामिनावर सोडविले होते. त्यांपैकी ११ जणांनी स्वतःचा दंड स्वतः भरला. उरलेल्या ६ जणांजवळ पैसे नव्हते; त्यांचा दंड ऑगस्टस यांनी आपल्या खिशातून दिला. पहिली दोन वर्षे त्यांना कोणाचीही आर्थिक मदत नव्हती. दिवसाचा बराच वेळ न्यायालयात जात असल्याने दुकानाचे काम मागे पडे आणि ते रात्री जागून पूर्ण करावे लागे.

बोस्टनमधील न्यायालयांना शिक्षा लांबणीवर टाकण्याची कल्पना अगदीच नवी नव्हती. आरोपीकडून जातमुचलका घेऊन त्याला सोडून द्यावे आणि त्याचे वर्तन चांगले राहिल्यास पुन्हा बोलावू नये, ही इंग्लिश कायद्यातून आलेली परंपरा होती. बोस्टनच्या नगर न्यायालयात न्यायाधीश पीटर ऑक्सनब्रिज थॅचर यांनी सन १८३० मध्ये एका तरुणीच्या खटल्यात असाच आदेश दिला होता. ऑगस्टस यांनी या परंपरेत जी भर घातली ती महत्त्वाची आहे. पूर्वी सुटलेला माणूस आपल्या नशिबावर सोडला जाई. ऑगस्टस जामिनाच्या मुदतीत त्याच्या मागे उभे राहत. हा मधला काळ, म्हणजे दोन तारखांमधील तीन आठवडे वा पाच-सहा महिने, हेच त्यांच्या कामाचे खरे क्षेत्र होते.

ते सरसकट सर्वांना जामीन राहत नसत. आरोपीचे पूर्वीचे वर्तन, त्याचे वय आणि सुटल्यावर तो कोणाच्या संगतीत राहणार आहे, यांची ते चौकशी करीत. बहुधा प्रथमच गुन्हा घडलेल्या आणि मन पुरते निर्ढावलेले नाही अशा व्यक्तींची ते निवड करीत. जामीन दिल्यानंतर राहण्याची सोय लावणे, काम मिळवून देणे आणि मुले असल्यास त्यांना शाळेत घालणे ही जबाबदारी ते घेत. न्यायालयाने मागितल्यास अहवाल देण्याचेही ते मान्य करीत आणि प्रत्येक प्रकरणाची नोंद वहीत ठेवीत. निवडीपूर्वी चौकशी, सुटकेच्या अटी, देखरेख, अहवाल आणि नोंदी ही आजच्या परिवीक्षा अधिकाऱ्याची बहुतेक सर्व कामे त्या वहीत सापडतात. परिवीक्षा या अर्थाचा इंग्रजी शब्दही त्यांनीच या कामासाठी प्रथम वापरला, असे मानले जाते.

काम मिळवून देणे ही यांतील सर्वांत अवघड गोष्ट होती. न्यायालयात उभा राहून आलेल्या माणसाला ठेवून घेण्यास मालक नाखूष असत. अशा वेळी ऑगस्टस यांची व्यापारी म्हणून असलेली ओळख उपयोगी पडे. शहरातील कारागीर आणि दुकानदार त्यांना ओळखत होते आणि त्यांच्या शब्दावर एखाद्याला कामावर घेणे हा त्यांच्या दृष्टीने परिचयातील व्यवहार होता. ज्यांची कोठेच सोय लागत नसे त्यांना ते आपल्या घरी नेत. चेंबर्स स्ट्रीटवरील त्यांच्या निवासस्थानी अनेकदा एकाच वेळी कित्येक जण आश्रयाला असत. त्यांच्या कुटुंबाला, विशेषतः घर सांभाळणाऱ्या पत्नीला, याचा किती भार सोसावा लागला असेल याची कल्पना करता येते. चरित्रसाहित्यात त्याविषयी फारसे लिहिले गेलेले नाही, ही त्या साहित्यातील उणीव म्हणावी लागेल.

मद्यपी पुरुषांपासून सुरू झालेले हे काम लवकरच स्त्रियांपर्यंत पोहोचले. सन १८४३ मध्ये त्यात मुलांचाही समावेश झाला. त्या वर्षी चोरीचा आरोप असलेल्या ८ व १० वर्षांच्या दोन मुली आणि ११ वर्षांचा एक मुलगा यांची जबाबदारी त्यांनी घेतली. सन १८४६ पर्यंत ९ ते १६ वर्षे वयाची सुमारे ३० मुले त्यांच्या देखरेखीखाली होती.

सन १८४७ मधील एक प्रसंग त्यांच्या कार्यपद्धतीवर सर्वाधिक प्रकाश टाकतो. त्या वर्षी त्यांनी ७ ते १५ वर्षे वयाच्या १९ मुलांना जामीन दिला. या मुलांची प्रकरणे काही महिने पुढे ढकलत न्यावीत, असे न्यायालयाशी ठरले होते. दर महिन्याला खटल्यांची यादी पुकारली जाई तेव्हा ऑगस्टस हजर राहून मुलांच्या प्रगतीची माहिती देत आणि पुढील तारीख पडे. असे पाच-सहा महिने चालले. मुदत संपल्यावर त्यांपैकी १२ मुलांना एकाच वेळी न्यायालयात आणण्यात आले. प्रथम आणली गेली तेव्हाची मुले आणि ही मुले यांतील फरक पाहून न्यायाधीशांनी आनंद व्यक्त केला आणि कायद्याचा हेतू साध्य झाला असल्याचे मान्य केले. प्रत्येकाला १० सेंट दंड झाला. १२ पैकी ७ मुलांच्या घरी दहा सेंटही देण्याची ऐपत नव्हती. तो दंड अर्थातच ऑगस्टस यांनी भरला. दहा सेंट न परवडणाऱ्या घरातील मुलाने चोरी का केली असावी, हा प्रश्न त्या निकालपत्रात येण्याचे कारण नव्हते. मात्र दर महिन्याला त्या घरांची वार्ता घेणाऱ्या ऑगस्टस यांना त्याचे उत्तर ठाऊक असणार.

हे सारे सुरळीत चालले होते असे नाही. कैद्याला तुरुंगात पोहोचविण्याबद्दल अधिकाऱ्यांना दरडोई शुल्क मिळत असे. ऑगस्टस यांनी सोडविलेला प्रत्येक माणूस म्हणजे त्या शुल्कात घट. त्यामुळे न्यायालयातील कारकून, शिपाई आणि तुरुंगाचे रखवालदार यांच्यापैकी अनेकांना त्यांची उपस्थिती खुपत असे. त्यांना आरोपीपर्यंत पोहोचू न देणे आणि त्यांच्या येण्याआधीच प्रकरण उरकून घेणे असे प्रकार घडत. वर्तमानपत्रांतूनही टीका झाली. कोणी त्यांना भाबडे ठरविले, तर कोणी जामिनाच्या व्यवहारात ते पैसा करतात असा संशय पसरविला. कुंटणखान्यांतून पकडलेल्या स्त्रियांना त्यांनी जामीन दिला तेव्हा तर टीकेला विशेष धार चढली. गरिबांना जामीन राहून कोणी श्रीमंत होऊ शकत नाही, असे त्यांचे यावरील साधे उत्तर होते, आणि त्यांचे स्वतःचे हिशेब त्याला दुजोरा देत होते.

टीकाकारांचा एक मुद्दा मात्र केवळ स्वार्थातून आलेला नव्हता. शिक्षेचे भय नाहीसे झाले तर गुन्हे वाढतील, असे अनेक सज्जनांनाही मनापासून वाटत होते. ऑगस्टस यांनी या मुद्द्याला तत्त्वचर्चेने उत्तर दिले नाही. कायद्याचा उद्देश गुन्हेगाराला सुधारणे आणि गुन्हा टाळणे हा आहे, सूड घेणे हा नाही, अशी त्यांची धारणा होती आणि तिच्या समर्थनार्थ ते आपल्या वहीतील नावे पुढे ठेवीत. कमावता पुरुष दारूसाठी तुरुंगात गेला की त्याचे कुटुंब अनाथगृहाच्या वा भिक्षेच्या आश्रयाला जाते आणि तो भारही शेवटी शहरावरच पडतो, हा व्यवहारी हिशेबही ते मांडीत. व्यापाऱ्याला शोभेल असाच हा युक्तिवाद होता.

सन १८४३ नंतर काही दानशूर नागरिकांनी त्यांना वर्गणी देण्यास सुरुवात केली. तोपर्यंत बूट बनविण्याचा व्यवसाय मागे पडला होता आणि काही वर्षांत तो जवळजवळ सुटलाच. मिळालेल्या मदतीतून त्यांचा चरितार्थ आणि जामीनदाराचे काम ही दोन्ही चालत. जामीनदार होण्यातील धोका येथे समजून घ्यावयास हवा. सोडविलेला माणूस तारखेला हजर झाला नाही, तर हमीची रक्कम जामीनदाराला भरावी लागे. एकाच वेळी अनेकांसाठी अशी हमी घेतलेल्या ऑगस्टस यांच्या डोक्यावर ही टांगती तलवार कायम असे. त्यांचा विश्वास चुकला, तर त्याची किंमत त्यांच्याच खिशातून वसूल होणार होती. आजच्या परिवीक्षा अधिकाऱ्याच्या आणि त्यांच्या स्थितीत हा मूलभूत फरक आहे.

मित्रांच्या आग्रहावरून सन १८५२ मध्ये त्यांनी आपल्या दहा वर्षांच्या कार्याचा अहवाल प्रसिद्ध केला. या पुस्तकात प्रकरणांच्या हकिकती, जमाखर्च, टीकाकारांना उत्तरे आणि न्यायालयातील अनुभव एकामागून एक येतात. त्यात साहित्यिक डौल नाही. परंतु समाजात राहूनच अपराध्याला सावरण्याच्या कामाची ती सर्वांत जुन्या तपशीलवार नोंदींपैकी एक आहे. सन १९३९ मध्ये अमेरिकेतील नॅशनल प्रोबेशन असोसिएशन या संस्थेने तिचे पुनर्मुद्रण केले.

सन १८५८ पर्यंत ऑगस्टस यांनी एकूण १,९४६ व्यक्तींना जामीन दिला होता. त्यांत १,१५२ पुरुष व मुलगे आणि ७९४ स्त्रिया व मुली होत्या. त्यांच्या वतीने भरलेला दंड आणि खर्च २,४०० डॉलरहून अधिक झाला. विश्वासघात करून पळून गेलेल्यांची संख्या केवळ १० होती, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. हे आकडे थक्क करणारे असले तरी ते वाचताना सावधगिरी हवी. निवड ऑगस्टस यांनीच केलेली होती आणि नोंदीही त्यांच्याच होत्या. जामिनाची मुदत संपल्यानंतर, पाच-दहा वर्षांनी त्या माणसांचे काय झाले याची स्वतंत्र पाहणी कोणी केली नाही. दारू सोडलेला माणूस पुन्हा घसरू शकतो हे वॉशिंग्टन चळवळीच्या अनुभवाने तेव्हाच दिसून आले होते. तथापि, तारखेला हजर होणे ही गोष्ट न्यायालयाच्या दप्तरात तपासता येण्याजोगी होती. हजारो प्रसंगांत ती घडली नसती, तर न्यायाधीशांनी त्यांना अठरा वर्षे उभेही केले नसते आणि जामिनाच्या रकमांखाली ते केव्हाच दबून गेले असते.

२१ जून १८५९ रोजी बोस्टन येथे जॉन ऑगस्टस यांचे निधन झाले. मागे संपत्ती अशी उरली नव्हती. त्यांनी कोणतीही संस्था काढली नव्हती आणि उत्तराधिकारीही नेमला नव्हता. तरीही काम थांबले नाही. बोस्टनच्या तुरुंगाचे धर्मोपदेशक रूफस कुक आणि इतर काही स्वयंसेवकांनी न्यायालयात उभे राहण्याची ही प्रथा पुढे चालविली.

सन १८७८ मध्ये, म्हणजे ऑगस्टस यांच्या मृत्यूनंतर १९ वर्षांनी, मॅसॅच्युसेट्स राज्याने परिवीक्षेचा पहिला कायदा केला. त्यानुसार बोस्टनच्या महापौरांना वेतनावर परिवीक्षा अधिकारी नेमण्याचा अधिकार मिळाला आणि या पदावर एडवर्ड सॅव्हेज यांची नियुक्ती झाली. ते बोस्टनचे माजी पोलीस प्रमुख होते. ज्या कामाला पोलीस आणि तुरुंगाच्या यंत्रणेतून सर्वाधिक विरोध झाला, त्याचा पहिला सरकारी अधिकारी त्याच यंत्रणेतून यावा, हा योगायोग नोंद घेण्याजोगा आहे. सन १८८० मध्ये राज्यातील इतर शहरांना आणि गावांनाही असे अधिकारी नेमण्याची मुभा मिळाली. सन १८९१ च्या कायद्याने नेमणुकीचा अधिकार नगरपालिकांकडून न्यायालयांकडे सोपविला. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांसाठी मात्र सन १९२५ उजाडावे लागले.

इंग्लंडमध्ये हे काम काहीशा स्वतंत्र वाटेने पुढे आले. बर्मिंगहॅमचे न्यायाधीश मॅथ्यू डेव्हनपोर्ट हिल यांनी सन १८४१ पासूनच बालअपराध्यांना जबाबदार पालकांच्या स्वाधीन करण्यास सुरुवात केली होती. सन १८७६ मध्ये फ्रेडरिक रेनर या मुद्रकाने चर्चच्या मद्यपानविरोधी संस्थेला पाच शिलिंग पाठवून पोलीस न्यायालयांत मदतनीस नेमण्याची सूचना केली आणि त्यातून तेथील सेवा उभी राहिली. बोस्टनमध्ये बूट बनविणारे कारागीर आणि इंग्लंडमध्ये मुद्रक; दोन्हीकडे सुरुवात व्यसनाधीन माणसापासूनच झाली. सन १९०७ मध्ये ब्रिटिश संसदेने अपराधी परिवीक्षा कायदा संमत केला.

भारतात सन १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ५६२ अन्वये प्रथम गुन्हा करणाऱ्यांना चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याची तरतूद होती. त्यानंतर प्रांतांनी स्वतंत्र कायदे केले. मद्रास आणि मध्य प्रांत व वऱ्हाड येथील कायदे सन १९३६ चे, तर मुंबई आणि संयुक्त प्रांतातील कायदे सन १९३८ चे होते. स्वातंत्र्यानंतर संसदेने अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ संमत केला. मृत्युदंड वा जन्मठेप होऊ शकेल असे गुन्हे त्यातून वगळण्यात आले आहेत. या अधिनियमानुसार २१ वर्षांखालील अपराध्याला तुरुंगात पाठवावयाचे झाल्यास न्यायालयाला त्याची कारणे नमूद करावी लागतात. कलम १४ मध्ये परिवीक्षा अधिकाऱ्याची कर्तव्ये दिली असून, देखरेखीखालील व्यक्तीला योग्य काम मिळवून देण्याचा प्रयत्न करणे हे त्यांपैकी एक आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत सामुदायिक सेवा ही शिक्षा प्रथमच समाविष्ट झाली. सार्वजनिक ठिकाणी मद्याच्या अमलाखाली गैरवर्तन करण्याच्या गुन्ह्यालाही, कलम ३५५ अन्वये, ती लागू आहे.

सन १९५८ च्या अधिनियमातील कलम ४ मध्ये एक अट आहे. अपराध्याला चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर सोडण्यापूर्वी, त्याचे स्वतःचे किंवा त्याच्या जामीनदाराचे त्या न्यायालयाच्या हद्दीत कायमचे राहण्याचे ठिकाण वा नियमित व्यवसाय आहे, याची न्यायालयाने खात्री करून घ्यावयाची असते. बोस्टनच्या पोलीस न्यायालयात उभ्या राहणाऱ्या अनेकांना असे ठिकाण नव्हते. त्यांच्या बाजूने दाखविता येत असे ते एका दुकानाचे, आणि ते न्यायालयापासून अगदी जवळ होते.